मुऱ्हाळी अन् पाखरं

माह्या मायबापाले आमी दोघी पोरीच. मोठीले धामणगाव बढेले दिलं. माह्यासाठी बापानं घरजावई आणला. म्हणून मी जिथं जन्मली तिथंच नांदली, धाडच्या बाजूच्या आमच्या गावात. बाया म्हणत, तुह्यं बरं हाय वं, तुले सासरवास नाही. खरं हाय, सासरवास नोता. पण मले माहेरबी नोतं. ज्या घरातून कधी निंगालीच नाही, त्या घरी माहेरपणाले येणार कशी?

आमच्याकडं आखाजीले लेकी माहेरी येतात. आखाजी म्हंजे अक्षय तृतीया. तवा लिंबाले फुलोरा रायते, आंबे पाडाले येतात, कोकीळ दिवसभर बोंबलते. लेकी लिंबाले झोके बांधतात, पुरणपोळी-रस खातात, चार दिस मायच्या हातचं खाऊन परत जातात. पण लेक आपल्या पायानं येत नाही. तिले आणायले माहेराचा माणूस जावा लागते. बाप, भाऊ, नाही त चुलतभाऊ. त्याले मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी नाही आला त लेक येत नाही, कितीबी जीव तुटो. सासरचे लोक म्हणतात ना, हिले कोणी इचारत नाही अन् हे कायले पळते.

बाप होता तोवर बाप जाये मोठीले आणायले. बैलगाडी जुंपून जाये, मंग एस्टी सुरू झाली तवा एस्टीनं. बाप गेला, मंग माहा मालक जाये. मोठी त्याले चिडवे, "दाजी, तुमी जावई का मुऱ्हाळी?" तो म्हणे, "दोन्ही. पगार एकाचाबी नाही."

मंग तोबी गेला. ताप आला अन् गेला. पोरगं माह्या कडेवर. मी लोकाच्या वावरात निंदायले जाये, पोरगं बांधावर पाटीखाली झोपवून. त्या सालच्या आखाजीले मोठीले आणायले पाठवावं असं घरात कोणी नोतं. बाई मुऱ्हाळी जात नाही, तशी रीतच नोती. धाडच्या बाजारातल्या एका माणसासंग म्या निरोप पाठवला, येऊन जाय. तिचा उलटा निरोप आला, मुऱ्हाळी कोण येऊन राह्यला? म्या काय सांगू? कोणी नाही. ती आली नाही.

पुढच्या सालीबी तेच. त्याच्या पुढच्या सालीबी. पायवाट एकडाव मोडली का तिच्यावर गवत उगवते. पोरगं मोठं झालं तवा ते आपल्या पोटामागं लागलं, अन् आमाले दोघीलेबी आता सवय झाली होती. लग्नात भेटलो, मयतीत भेटलो. मांडवातली भेट ते काय भेट? जेवली का, हाव जेवली, चाल मंग, गाडी लागली.

मोठीचे डोळे लय तेज. लहानपणी आमी दोघी जवारीची राखण करू. चार खांबाचा माळा, त्याच्यावर आमी, हातात गोफण. जवारी हुरड्यावर आली का भोरड्यायचे थवेच्या थवे येत. आभाळात काळा ढग कसा वळते, तसे वळत. मले ते जवळ आल्यावर दिसत. मोठीले पार तिकडच्या टेकडीवर असतानीच दिसत. ती म्हणे, "उठ वं, पाव्हणे आले." मंग गोफण, हाळ्या, डबा वाजवणं. घसा बसून जाये. संध्याकाळी माय म्हणे, तोंडातून शब्द निंघून नाही राह्यला, खाल्लं काय तुमी?

पण एक करे ती. बांधाकडचं जवारीच्या चार ताटाचं कोपरं ती कधी राखे नाही. तिथं पाखरू बसलं त गोफण खाली ठेवे. बापानं एकडाव पाह्यलं अन् बोलला. ती म्हणे, "त्यायलेबी पोट हाय ना. सारंच हाकललं त ते कुठं जातीन?" मले तवा वाटलं, ही कामचुकार हाय.

परसालच्या आखाजीची गोष्ट. माही सून गाडी चालोते. धाडले दवाखान्यात नर्स हाय, रोज जाणं-येणं, म्हणून पोरानं जुनी गाडी घेतली. एका सकाळी मी परसात बसली होती. आमच्या परसात तोच लिंब हाय, ज्याले आमचे झोके रायत. खाली दगडाची डोणी, तिच्यात पाखरायले पाणी भरतो. जास्वंदावर इवलंसं काळंनिळं पाखरू रस प्यायले येते, सून त्याले शिंजीर म्हणते. मले त दिसे नाही. डोळ्यात मोतीबिंदू पिकेल होता. नुसतं ऐकू येये. लिंबात तांबट टुक टुक करून राह्यला होता. म्या सहज म्हणलं, "मोठी असती त तिनं आता बोट दाखवून सांगतलं असतं, कोणत्या फांदीवर हाय थो."

सून म्हणे, "मंग घेऊन येऊ ना मावशीले. आखाजी त आलीच."

"बाया जातात का वं मुऱ्हाळी?"

"आई, बाया गाडी तरी कुठं चालोत होत्या?"

आखाजीच्या दोन दिस आधी आमी निंघालो.

मले गाडीत काही सुचे नाही. पोटात एकच गोष्ट. मोठी येईन का नाही? इतक्या वर्साचं मन, ते असं एका दिवसात निवते का? सून मले बोलतं ठेवायले रस्त्यावरचं सांगे. आई, बहावा फुलला. आई, वायरवर निळं पाखरू हाय. म्या म्हणलं, निळकंठ असन. बुलढाणा गेलं, राजूरचा घाट लागला. घाटात तिनं गाडी बाजूले घेतली, मले पाणी द्यायले. काच खाली केली त काय आवाज! कोकीळ, तितूर, दरीतून मोर. अन् मंदी एक आवाज, बासरीत कोणी पाणी टाकून फुकावं तसा.

सून एकदम हळूच म्हणे, "आई, पिवळं जर्द. पंखाले काळं."

"हळद्या," म्या म्हणलं. "कुठं हाय?"

"हे काय, समोरच."

म्या लय पाह्यलं. मले झाडात पिवळा डाग दिसला. तो पाखराचा होता का बहाव्याच्या फुलाचा, माह्यान सांगता येत नाही.

धामणगावले पोचलो तवा मोठी ओसरीत हरभऱ्याची दाळ निवडत बसेल. लय वाळली होती. गाडी पाहून तिनं मान वर केली, मले उतरताना पाह्यलं, अन् सूप बाजूले सारून उभी राह्यली. तिच्या तोंडातून पह्यला शब्द निंघाला, "कोण मेलं वं?"

तिचंबी खरं होतं. मयतीबिगर मी कधी गेलीच नोती.

"कोणी नाही मेलं. आखाजी हाय. तुले न्यायले आली."

तिले ऐकू आलं नाही. कान गेले होते तिचे, मले ते माईतबी नोतं. तिचं पोरगं, माहा भाचा, तोबी आता पिकल्या केसाचा, त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन जोरानं सांगितलं, "आई, मुऱ्हाळी आली!"

"कोण आला?"

"आला नाही, आली! मावशी!"

तिनं मले खालून वर पाह्यलं. "बाई कुठं मुऱ्हाळी असते का? येडी झाली काय हे?" असं म्हणे अन् घरात निंघून गेली.

झालं, मले वाटलं. आपण आलो अन् आपली वाट आपल्यापाशी. भाच्याच्या बायकोनं पाणी आणलं, च्या ठेवला. ती बिचारी ओशाळली होती. माह्याजवळ बसून हळूच म्हणे, "मावशी, तुमाले सांगतो. दरसाल आखाजी आली का आई थैली भरून ठेवतात. एक लुगडं, चोळी, फणी. टिनावर कावळा कोकलला का दाराशी येऊन पाहातात. म्हणतात, पाव्हणा येऊन राह्यला. आखाजी झाली का थैली रिकामी करून खुंटीले टांगतात. आमी इचारलं त म्हणतात, लुगड्याले हवा दिली."

माह्या हातातला च्या तसाच राह्यला. इकडं मी म्हणत होती, तिले यायचंच नसन. तिकडं ती दरसाल थैली भरत होती.

थोड्या वेळानं मोठी भाईर आली. धुवेल लुगडं नेसेल, अन् हातात थैली. सुनेपुढं जाऊन उभी राह्यली.

"गाडी तू चालोतं?"

"हाव, मावशी," सून तिच्या कानाशी वाकून म्हणे.

"आपटत त नाही ना?"

"आजलोग त नाही."

"मंग मुऱ्हाळी तूच. ही नाही," असं म्हणून माह्याकडं बोट केलं अन् पुढच्या सीटवर जाऊन बसली. मले मांगं बसवलं.

वापस येताना ती साऱ्या रस्त्यानं बोलत होती. कान गेले का माणूस ओरडून बोलते, तशी. तो पाह्य कोतवाल, शेपटी चिरेल. ते वेडे राघू, एका तारेवर सारी पंगत. तो खाटीक, काट्यावर टोळ खोचून ठेवते लेकाचा. म्या म्हणलं, तितूर बोलून राह्यला, त सून तिले हातानं खूण करून सांगे अन् ती मान हलवे. घाटात एक भारद्वाज रस्ता कापून गेला, आमी त्याले कुंभारकावळा म्हणतो, तो दिसला का काम होते म्हणतात. तिनं गाडी थांबवायले लावली, हात जोडले. मंग माह्याकडं वळून म्हणे, "हिले दिसत नाही, मले आयकू येत नाही, अन् हे पोरगी गाडी चालोते. देवच राखणदार बाप्पा आपला."

इतकी हसली मी, का डोळ्याले पदर लावावा लागला.

चार दिस राह्यली. पोरानं लिंबाले झोका बांधला. झोका घेण्याचं वय कुठं राह्यलं? ती नुसती झोक्याच्या पाटीवर बसे, पाय जमिनीले टेकून, अन् वर पाहे. डोणीवर बुलबुल आला, साळुंकी आली, सारं सांगे मले. तिसऱ्या दिशी हळद्या आला. म्या आवाज ओळखला, तिच्या हाताले हात लावून वर खूण केली. तिनं शोधला. म्हणे, "दोन हायत. मादी फिकी हाय. घरटं करतीन इथं, जागा पाहून राह्यले." मी तिचे डोळे, नाही नाही, ती माहे डोळे अन् मी तिचे कान. एवढंच करायचं होतं आमाले. त्याच्यासाठी सारी जिंदगी गेली.

चौथ्या दिशी सकाळी ती थैली भरून झोक्यावर बसली. म्या तिच्या कानाशी जाऊन म्हणलं, "आता नको जाऊ. तुह्या पोराले मी सांगतो. राहा माह्यापाशी. कोण किती दिसाचं हाय आता?"

तिनं आयकलं. झोक्याची दोरी हातानं चाचपली. मंग म्हणे, "माहेरी येत असतात, राहात नसतात. राह्यली त मंग ते माहेर कुठं राह्यलं? तुह्यंच पाह्य ना. तू राह्यली, त तुले माहेरच भेटलं नाही."

ही गोष्ट म्या कधी कोणाले सांगेल नोती. तिनं कधी ओळखली काय माईत.

रीत नसली तरी म्या तिची ओटी भरली. गाडीत बसताना तिनं माही हनोटी धरली, लहानपणी धरे तशी. "डोळे करून घे. अन् पुढच्या आखाजीले मी मुऱ्हाळी पाठोतो तुले. तुले कधीच कोणी नेलं नाही ना वं."

"हाव," म्या म्हणलं. "पाठव."

पोळ्याच्या आधी ती गेली. पाऊस लागेल होता, ताप आला, माह्या मालकासारखाच. आमी गेलो तोवर तिले ओसरीत निजवेल होतं. वापस मयतीतच भेटलो. मले लय रडू आलं नाही. माह्यान तेवढ्यात रडणं होत नाही, ते मांगून येते, भांडे घासताना.

दिवाळी झाली अन् सुनेनं मले बुलढाण्याले नेऊन डोळे करून आणले. पट्टी सोडली, घरी आली, परसात गेली. लिंबाचं पानन् पान दिसलं मले. झोक्याच्या दोरीनं फांदीवर घासल्याची खूण दिसली. मले वाटलं, चैतातच डोळे केले असते त ती बोट दाखवत होती तवा मलेबी दिसलं असतं. पण डॉक्टरकडं जायचं मी ढकलतच राह्यली. काम होतं, कापूस होता, पाहू पुढं. गरिबाचं आंग असंच रायते, दुखेपर्यंत त्याच्याकडं कोणी पाहात नाही.

यंदा आखाजीच्या दोन दिस आधी मी डोणीत पाणी भरत होती. टिनावर कावळा कोकलत होता सकाळपासून. म्या त्याले म्हणलं, जाय बापा, आता कोणी येत नाही. त दुपारी दारात भाचा उभा. डोक्यावर टोपी, हातात नारळ अन् थैली, घामानं सारा भिजेल.

"तू कसा आला रे? सारं बरं हाय ना?" मलेबी तेच सुचलं.

"मावशी, मुऱ्हाळी आलो," तो म्हणे. "आई सांगून गेली होती. म्हणे, मी असो का नसो, तिले आणजो."

सून म्हणे, आई, मी गाडीनं सोडतो तुमाले. म्या म्हणलं, नाही वं. मुऱ्हाळी आला हाय. त्याच्यासंगच जाईन. या वयात पह्यलाडाव आला हाय.

एस्टीत भाच्यानं मले खिडकी दिली. घाटात गाडी हळू चढते-उतरते. अन् म्या पाह्यलं. वायरवर निळकंठ, त्याचा निळा रंग. कोतवालाची चिरेल शेपटी. वेडे राघू, एका तारेवर पंगत. एका झाडातून पिवळं जर्द निंघालं अन् दुसऱ्या झाडात गेलं, पंखाले काळं. डाग नोता तो. हळद्या होता. मी बाजूले वळली सांगायले. भाचा झोपला होता, टोपी डोळ्यावर घेऊन. बिचारा सकाळच्या पह्यल्या गाडीनं निंघाला असन. म्या त्याले उठवलं नाही.

आखाजीले आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. पाण्याची घागर, तिच्यावर डांगर म्हंजे खरबूज, आंबा, अन् कावळ्याले घास. मोठीची ही पह्यली घागर. भाच्याच्या बायकोनं पुरणपोळीचा घास भिंतीवर ठेवला. कावळाच येईना. मघा दोन होते, ते कुठं गेले काय माईत. भाचा उनात उभा राहून काव काव करे. आधी चिमण्या आल्या. त्यानं टाळ्या वाजवून हाकलल्या. मंग साळुंक्या आल्या. त्याबी हाकलल्या. त्याची बायको रडकुंडीले आली. "आईचं काही राह्यलं असन मनात. काय राह्यलं असन, मावशी?"

मी ओसरीतून उठली. जिथं ती दाळ निवडत बसे, तिथंच बसेल होती. म्या म्हणलं, "पोरहो, हाकलू नका. तुमची माय राखणीले बसे तवाबी एक कोपरं पाखरासाठी सोडे. तिले कावळाच पाहिजे असं काही नाही. जे येईन त्याले खाऊ द्या."

भाचा मांगं सरला. साळुंक्या वापस आल्या. त्यायच्या मांगं चिमण्या, मंग एक बुलबुल. भांडत भांडत साऱ्यायनं खाल्लं. कावळा शेवटी आला, पोळीचा चुरा उरला होता तेवढा घेऊन गेला. आमी तवा जेवायले बसलो.

चार दिस राह्यली मी. मले कोणी काम करू देल्लं नाही. भाच्याच्या बायकोनं डोक्याले तेल लावलं, ताटात वाढून देल्लं, बस म्हणलं का बसली. मले ते सवयीचं नाही. हात लय जड वाटतात रिकामे. पण मी बसली. माहेरपण म्हंजे असं असते, हे म्या यंदा पाह्यलं. जिनं पाठवलं ती समोर नोती, एवढंच.

चौथ्या दिशी सकाळी म्या माही थैली भरली. भाचा म्हणे, "राहा ना मावशी. आता तुमच्यात आमी आईले पाहातो. कायची घाई हाय?"

"नाही बापा," म्या म्हणलं. "माहेरी राहात नसतात. घरी सोडून दे मले."